‘चंचल’ शब्दाची चिठ्ठी

दादा, काल तुझी दुखवट्याची सभा झाली. तुझ्याच शाळेत, मोठ्या वर्गातली बाकं भिंतीला लावून आणि सतरंज्या अंथरून. आम्ही पाच-सहा बायका मागे दाराशी बसलो होतो. तिसरे वक्ते उठले आणि त्यांनी तुला ‘अचल’ म्हटलं. पर्वतासारखा अचल! मला इतकं हसू फुटलं की पदराचा बोळा तोंडात कोंबावा लागला. शेजारच्या बाईंना वाटलं हुंदका आला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मी तो फिरवू दिला, कारण त्यात थोडा हुंदकाही होता. नाही असं मी म्हणणार नाही.

पण अचल? कोणती पगडी घालावी यासाठी दारापर्यंत जाऊन तीनदा परत येणारा माणूस तू. सभेत सुधारक उठून म्हणाले, मास्तर आमचे. मग सनातनी उठून म्हणाले, मास्तर आमचे. दोघंही खरं बोलत होते, फक्त दोघांचे वार वेगळे. सोमवारी तू यांचा असायचास आणि गुरुवारी त्यांचा. मेल्यावर माणसाला चार खांदे लागतात, तुझ्याकडे दोन्ही पक्षांचे मिळून आठ झाले. आयुष्यभर कुंपणावर बसण्याचा एवढा फायदा मी दुसऱ्या कुणाला झालेला पाहिला नाही.

माझं नाव कुणीच घेतलं नाही. घेतील कसे? बाराव्या वर्षी कुंकू पुसून तुझ्या घरी आलेली बहीण, डोक्यावर केस राखलेली, परळच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होऊन एकटी राहणारी. असली बहीण दुखवट्याच्या ठरावात बसत नाही. तुझे व्याही मात्र मला पाहून दचकले. त्यांच्या समजुतीने मी चार वर्षांपासून काशीला आहे. तूच सांगितलं होतंस ना त्यांना? गंगा सोडून मी चिंचपोकळीच्या स्टेशनावरून चालत गिरगावात कशी उगवले, हे कोडं त्यांना अजून सुटलं नसेल.

सभा संपल्यावर छापखान्याचे मालक माझ्याकडे आले. हातात तुझी शब्दांच्या चिठ्ठ्यांची लाकडी पेटी, वर दोरी बांधलेली. तुझा शब्दकोश ‘घ’पर्यंत छापून झाला आहे, आता ‘च’ लावायचा आहे.

“ताई, या चिठ्ठ्या तुमच्याशिवाय कुणाला लागायच्या नाहीत,” ते म्हणाले. “अक्षर तुम्हालाच कळतं त्यांचं. आठ दिवसांत लावून द्या. चुकलंमाकलं असेल ते सुधारा, मला विचारू नका.”

“आणि वर नाव?” मी विचारलं.

“नाव मास्तरांचंच राहील. बाईचं नाव घातलं तर कोश कोण विकत घेईल, तुम्हीच सांगा.”

पेटी घेऊन घरी आले, दोरी सोडली, आणि पहिल्याच गठ्ठ्यात ती चिठ्ठी हाताला लागली. आपण जिच्यावरून दीड वर्ष भांडलो ती. “चंचल, वि. अस्थिर, एके ठिकाणी न राहणारा. जसे – बायकांची बुद्धी चंचल.”

पेटी माझ्या हातात आहे, लेखणी माझ्या हातात आहे आणि तू नाहीस. हे वाक्य ठेवायचं की काढायचं, एवढंच आता ठरायचं आहे. छापलं की पन्नास वर्षं राहील. माझ्या वर्गातल्या मुली मोठ्या होऊन कोश उघडतील आणि आपण कशा आहोत ते तुझ्याकडून शिकतील.

गंमत अशी की हा शब्द मला तूच शिकवलास. नवी नवी विधवा होऊन आले होते, कोपऱ्यात बसून राहायची. वहिनी म्हणायची, बसू दे, तिची जागा तीच. तू मात्र एका सकाळी मला चौपाटीवर घेऊन गेलास. लोक बघत होते, तरी नेलंस. मी पाय ओढत होते आणि तू पुढून “चल, चल” म्हणत होतास. मग एकदम थांबून म्हणालास, “यमे, हे ‘चल चल’ म्हणजेच चंचल बरं का. संस्कृतात एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा घडते असं सांगायचं असलं की धातू दोनदा म्हणतात. जो एकदा चालतो तो चल. ज्याला थांबताच येत नाही तो चंचल.” त्या दिवशी तीन आठवड्यांनी मी पहिल्यांदा हसले. घरी येऊन पाटीवर तो शब्द लिहून दाखवलास आणि माझ्या हातून गिरवून घेतलास. माझं पहिलं अक्षर ‘श्री’ नव्हे, ‘च’ आहे. हे ऋण मी नाकारत नाही. म्हणून तर तुझा राग इतका येतो. ज्याने काही दिलंच नाही त्याच्यावर चिडायला मला कुठे वेळ आहे?

आता चिठ्ठीकडे बघते तर व्युत्पत्तीच्या जागी काय दिसतं? आधी लिहिलं आहेस, ‘चल्’ची द्विरुक्ती. ते खोडून, ‘चञ्च्’ हा निराळाच धातू. ते खोडून पुन्हा ‘चल्’. शेवटी दोन्ही खोडून नुसतं प्रश्नचिन्ह. चंचल शब्दाला याहून चांगलं उदाहरण अख्ख्या मराठी भाषेत सापडणार नाही, आणि तू मात्र ते शोधायला बायकांच्या बुद्धीपर्यंत गेलास. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

केशवपनाविरुद्धचं तुझं ते भाषण आठव. ते स्वच्छ अक्षरात मीच उतरवून दिलं होतं. ‘वस्तरा’ शब्द तुला वाचताना अडू नये म्हणून मोठा काढला होता. काय बोललास तू! म्हातारे उपरण्याने डोळे पुसत होते. “ज्या घरात विधवेच्या डोक्याला वस्तरा लागतो, त्या घराचं पाणी पिऊ नका,” असं म्हणालास. टाळ्या पडल्या. मी मागे उभी राहून विचार करत होते की माझ्या भावासारखा भाऊ या मुंबईत दुसरा नाही.

हे भाषण झालं पौषात. चैत्रात तुझ्या गोदूला दादरचं स्थळ आलं. त्यांनी निरोप धाडला की मुलगी पसंत आहे, पण घरात केस राखलेली विधवा आहे, तिच्या हातचं पाणी आम्हाला चालायचं नाही. पाणी पिऊ नका असं आधी तू म्हणाला होतास, मग ते म्हणाले. पाणी तेच, फक्त घडा फिरला.

तू मला आत बोलावलंस. माझ्याकडे न बघता म्हणालास, “यमे, काळवेळ पाहून वागावं लागतं. केसांचं काय, पुन्हा वाढतात.” विधवेचे केस वाढू देत नाहीत, दर पंधरवड्याला काढतात, हे भाषणात तूच सांगितलं होतंस. पण मी वाद घातला नाही. गोदू उंबऱ्यात उभी होती, नऊ वर्षांची, नव्या परकराचा घोळ सावरत. मी मुकाट्याने जाऊन ओटीवर पाटावर बसले. तुझं ऐकायची इतकी सवय झाली होती की डोक्यावर वस्तरा येतोय तरी उठावंसं वाटलं नाही. तुझ्याइतकाच तिरस्कार मला त्या बसलेल्या यमूचा वाटतो.

गणू न्हावी तुझी हजामत आटपून वस्तरा पुसत होता. तू त्याला म्हणालास, आता हिची. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि धोकटी बांधायला घेतली.

“न्हाई मास्तर. आमी समद्या न्हाव्यांनी बसून ठरवलंय, ह्ये काम करायचं न्हाई. म्या बी हात वर केला व्हता.”

तू चुचकारलंस, मग दरडावलंस. तो शांतपणे दोरीची गाठ मारत राहिला.

“तुमी त्या दिशी भाषनात बोल्लात ना, वस्तरा लावनारा बी पापाचा धनी? म्या व्हतो की तितं, मागं हुबा. घरी जाऊन बायकूला सांगितलं, मास्तर खरं बोल्ला. आता तुमीच म्हनता लाव. मग मास्तर, त्या दिवशीचं खरं का आजचं?”

दोन्ही दिवशींचं खरं, असं तुला म्हणायचं असेल, पण ते तोंडाने म्हणायचीही तुला लाज वाटली. गणू उठला, मला म्हणाला, “येतो ताई,” आणि गेला. चार बुकं शिकलेल्या माणसाचं भाषण एका निरक्षर माणसाने मनावर घेतलं आणि त्यावर तो उभा राहिला. भाषण करणारा मात्र त्यावरून कधीच उतरून पुढे गेला होता. काल सभेत ‘अचल’ म्हणायचंच होतं तर गणूला म्हणायला हवं होतं. पण त्याला सभेला बोलावणार कोण?

पुढचं तू कुणाला सांगितलं नसशील. मीही आजवर सांगितलं नाही. तू आतून वहिनीची कात्री आणलीस. माझ्या मागे उभा राहिलास. मी डोळे मिटले. एक बट कापलीस, कानाजवळची. ती माझ्या मांडीवर पडली. मग मी दुसऱ्या बटेची वाट पाहत राहिले. डोळे उघडले तर कात्री पाटाशेजारी पडली होती आणि तू वाडीतून बाहेर पडत होतास, पायात वहाणाही नव्हत्या.

दादा, चार वर्षं मी विचार करतेय. तो हात का थांबला? माझी माया आली म्हणून, की तेही काम शेवटाला नेण्याइतका निश्चय तुझ्यात नव्हता म्हणून? तू चांगलं काम अर्ध्यावर सोडायचास तसंच वाईटही सोडायचास. तुझ्या याच धरसोडीने माझे केस वाचले आहेत, तेव्हा तिला शिव्या देताना माझी जीभ थोडी अडखळते. थोडीच.

दुसऱ्या दिवशी मी घर सोडलं. तू अडवलं नाहीस आणि जा असंही म्हणाला नाहीस. व्याह्यांना सांगितलंस, बहीण काशीला गेली. गोदूचं लग्न झालं. आणि महिन्याभराने शाळेचा शिपाई माझ्या परळच्या खोलीवर चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन हजर. सोबत ‘कशी आहेस’ वगैरे काही नाही. नुसतं, “हे लावून पाठव.” मी लावून पाठवलं. माझ्या शेजारची मालवणी बाई, नवरा गिरणीत, ती म्हणाली, “गे बाय, भाव तुझो की शेठ तुझो?” मी म्हटलं, ते त्यालाही अजून ठरवता आलेलं नाही.

मग ‘चंचल’ आला. मी चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं, बायकांची बुद्धी चंचल, याला आधार काय? तू लिहिलंस, रूढ प्रयोग आहे. मी लिहिलं, कोणात रूढ? मी तर एकाही बाईच्या तोंडून ऐकला नाही. तू लिहिलंस, बायका कोश लिहीत नाहीत. मी लिहिलं, लावतात मात्र.

परळच्या नाक्यावर शीवहून एक कोळीण मासळी घेऊन येते. तिला मी विचारलं होतं की तुम्ही चंचल कशाला म्हणता, वाऱ्याला म्हणता का? ती माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. “वारा कशाला चंचल गो बाय? वारा आपले वेलेला येतं न वेलेला जातं. भरती येते, सुकती येते, समदं ठरलेलं. आमचा धनी बोलतो आज जातो, उद्या जातो, तो चंचल.” दादा, मला वाटलं की शब्दाचा खरा अर्थ आता कळला. बदलणं म्हणजे चंचल नव्हे. समुद्र दिवसातून दोनदा मागे हटतो, पण कधी हटणार ते सांगून हटतो. ज्याच्या बदलावर कुणाला होडी लोटता येत नाही, तो चंचल. हे सगळं लिहून तुला पाठवलं. उत्तर आलं, “कोळणीचा आधार कोशात चालत नाही. आणि तू मासळीवाल्यांशी बोलत उभी राहतेस हे वहिनीला कळवू नकोस.”

शेवटी मी चिडून लिहिलं होतं, तुमची चाल मोडू नये, मोडू नये म्हणून माझं डोकं भादरायला निघालास, पण ‘चाल’ हा शब्दसुद्धा त्याच ‘चल्’ धातूचा आहे. चालते म्हणून ती चाल. जागची हलणार नसेल तर तिला बैठक म्हण. यावर तू लिहिलंस, “हजरजबाबीपणा म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.” मास्तर तो मास्तरच.

आज पेटीत तळाशी ‘चाल’ची चिठ्ठी सापडली. तुझ्या हातची, एकही खाडाखोड नसलेली. “चाल, स्त्री. [चल्] रूढी, रीत. चालते ती, म्हणून काळानुसार पुढे जाणारी.” माझं वाक्य घेतलंस. मला न सांगता, न कळवता, चोरून. बोळ्याने दूध पिणाऱ्या पोरासारखी मी ती चिठ्ठी घेऊन रडत बसले. तोंडावर एकदा ‘यमे, तुझं बरोबर’ म्हणाला असतास तर काय पगडी पडली असती?

आणि आता त्या शेवटच्या दुपारबद्दल. तुला ताप भरला आहे असा निरोप आला आणि चार वर्षांनी मी त्या वाडीत पाऊल टाकलं. तू डोळे उघडलेस. मला वाटलं, आता काहीतरी म्हणशील. माफ कर म्हणशील असं नाही, तेवढी आशा मी तुझ्याकडून कधीच ठेवली नाही. पण कात्रीबद्दल काहीतरी. तू म्हणालास, “यमे, चंचलची चिठ्ठी…”

“तिचं काय, दादा?”

“काढ.”

मी म्हटलं, काढ म्हणजे? शोधून काढू की काढून टाकू? एवढा मोठा कोशकार आणि मरताना दुहेरी अर्थाचं क्रियापद वापरलंस. तू ओठ हलवत होतास. तेवढ्यात वहिनी काढा घेऊन आत आली आणि तू तिच्याकडे बघून लगेच म्हणालास, “असू दे. राहू दे.” मग डोळे मिटलेस. ‘राहू दे’ हे चिठ्ठीला की काढ्याला, तेही कळलं नाही. पहाटेपर्यंत तू गेलास. मरणाच्या दारातसुद्धा तू दारापर्यंत जाऊन परत आलास, दादा. आणि मला तुझ्याजवळ बसून रडण्याऐवजी व्याकरणाचा विचार करावा लागला.

आज दिवसभर ती चिठ्ठी पुढ्यात घेऊन बसले होते. पहिल्यांदा ठरवलं की ठेवायची. जशीच्या तशी, तुझ्या नावाखाली. लोकांना कळू दे काय लायकीचा होतास. कारण मी वाक्य बदललं तर नाव कुणाचं होणार? तुझंच. लोक म्हणतील, बघा, मास्तर शेवटी स्त्रियांना न्याय देऊन गेले. ज्या न्यायाची तुला उभ्या जन्मात हिंमत झाली नाही, तो माझ्या लेखणीने तुला फुकट मिळणार. तुझ्या पगडीत माझं पीस. हे माझ्या जिवावर आलं होतं.

मग शाळेतल्या मुली डोळ्यांसमोर आल्या. त्या कोश उघडतील तेव्हा तुझा सूड त्यांच्यावर उगवण्यात मला काय मिळणार? सूड उगवायला तू कुठे आहेस? आणि मला ‘काढ’ ऐकू आलं होतं. वहिनी यायच्या आधी, कुणी बघत नसताना, तू ते म्हणाला होतास. तुझं खरं बोलणं नेहमी कुणी बघत नसतानाचंच असायचं. चौपाटीचं ‘चल चल’ सोडून.

म्हणून मी ती चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली. तुझं अक्षर मला तुझ्याहून चांगलं येतं. “चंचल, वि. [चल्, द्विरुक्त] ज्याच्या शब्दावर विसंबून दुसऱ्याला पाऊल टाकता येत नाही असा. स्त्री-पुरुष दोघांसही लागू.” उदाहरण दिलं नाही. ज्यांनी तुला पाहिलं त्यांना गरज नाही, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांच्यासमोर तुझी लाज झाकली. तेवढं भावाबहिणीचं नातं अजून शिल्लक आहे.

चिठ्ठी संध्याकाळीच छापखान्यात पोचती झाली आहे, अक्षरांचे खिळे जुळायला लागले असतील. तू आयुष्यभर लोकांच्या धाकाने मत बदललंस, दादा. हे एक मत मी बदललं आहे, तुला न विचारता, तुझ्या नावाने. या वेळी तुला माघारी फिरता यायचं नाही.